पाचर

मागच्या महिन्यातली गोष्ट. चाकणच्या पलीकडे एका कंपनीत गेलो होतो, ब्रेकडाऊन नव्हता, सायकल टाईम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, कमी करायचाय म्हणून बोलावलं होतं. एक रोबोट, ड्रिलिंगची दोन मशीनं, मधे जॉब, म्हणजे ज्याच्यावर काम करायचं तो भाग, धरून ठेवणारं फिक्स्चर, भोवती पिवळ्या जाळीचं कुंपण आणि कुंपणाला एक दार. दाराच्या चौकटीला इंटरलॉक स्विच आणि दारावर त्याची चावी. चावी म्हणजे बोटभर लांबीची वाकवलेली स्टीलची पट्टी, दार लागलं की ती स्विचच्या फटीत जाते आणि आतला रोबोट हलायला मोकळा होतो, दार उघडलं की पट्टी बाहेर आणि रोबोट असेल तिथे थांबतो. मी जाळीपाशी उभा राहून मोबाईलवर टायमिंग घेत होतो. तेवढ्यात ऑपरेटर पोरगा, असेल बावीस-तेवीसचा, दार ढकलून सरळ आत गेला, फिक्स्चरमधला जॉब अंगठ्याने दाबला आणि बाहेर आला. रोबोट थांबलाच नाही. पलीकडच्या मशीनच्या तोंडात मान घालून त्याचं त्याचं काम करत राहिला.

काय बघितलं ते मला दोन सेकंद कळलंच नाही. मग वाकून बघितलं तर स्विचच्या फटीत दुसरीच एक चावी, सुटी, आणि ती निसटू नये म्हणून नाडीने बांधलेली. बुटाची निळी नाडी, कूलंट लागून लागून काळपट ओशट झालेली, म्हणजे कालपरवाचं काम नव्हतं हे. मी गाठ सोडून चावी ओढली, वरचा टॉवर लॅम्प लाल झाला, लाईन थांबली आणि एकदम ती शांतता पसरली जी शॉप फ्लोअरवर सगळ्यांना माना वर करायला लावते. पोरगा म्हणाला, "सर, टार्गेट बसत नाही हो त्याच्याशिवाय." मला खरं तर ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते, "नाडी कुणाची?"

"माझीच."

सुपरवायझर पळत आला, चावी बघून "अरे बापरे" म्हणाला, पण इतक्या लवकर म्हणाला की त्याला आधीपासून माहीत होतं हे मला तिथेच कळलं. मी चावी खिशात टाकली आणि संध्याकाळी ट्रॅफिकमधे अडकलो तेव्हा खिशात ती मांडीला टोचत होती.

बाहेरच्या लोकांना वाटतं की ऑटोमेशन म्हणजे मशीनला आलेली अक्कल. आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, दिसतं ते एवढंच, की कुठल्या वायरवर चोवीस व्होल्ट आहेत आणि कुठल्या वायरवर नाहीत. इनपुट वाचायचे, लॉजिक सोडवायचं, आउटपुट लिहायचे आणि परत पहिल्यापासून, पाच-दहा मिलिसेकंदात एक फेरी, दिवसरात्र, नामस्मरणाला बसल्यासारखं. दार काय, माणूस काय, जॉब काय, तिथे सगळं एक नाही तर शून्य. माझे पहिले सिनिअर आयटीआयवाले इलेक्ट्रिशियन होते, आयुष्य रिले आणि कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांच्या, पॅनलमधे गेलेलं, कॉम्प्युटरला हात लावायला बिचकायचे, पण स्क्रीनवरची लॅडर, म्हणजे पीएलसीचा शिडीसारखा दिसणारा प्रोग्रॅम, माझ्याआधी वाचायचे. कारण ती काढलीच त्यांच्यासारख्यांसाठी आहे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सला गाडीचं मॉडेल बदललं की भिंतभर रिलेचं वायरिंग उपसायचा कंटाळा आला होता, त्यातून डिक मॉर्ले आणि मंडळींनी मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी बनवला, त्यांच्या फर्मचं चौऱ्याऐंशीवं काम म्हणून ०८४. आणि प्रोग्रॅम लिहायची भाषा ठेवली ती रिलेच्या ड्रॉइंगसारखीच दिसणारी, म्हणजे रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनला पॅनलपुढे उभं राहून कळेल अशी. मला ही गोष्ट फार आवडते. मशीन बदललं पण वाचणाऱ्याचा विचार केला.

तर हे सिनिअर सांगायचे, आउटपुट दिला म्हणजे काम झालं असं समजायचं नाही. व्हॉल्व्हला करंट दिलास, बरोबर, पण सिलिंडर खरंच पुढे गेला का, लाईनला हवाच नसेल तर, रॉड अडकला असेल तर? म्हणून सिलिंडरच्या टोकाला रीड स्विच लावायचा आणि तो "पोचलो" म्हणेपर्यंत पुढचं पाऊल टाकायचं नाही. आई झोपायच्या आधी आतूनच "गॅस बंद केला का रे" म्हणून ओरडायची आणि मी "हो" म्हटलं तरी उठून स्वतः बटण बघून यायची, फीडबॅक म्हणजे काय ते मला पुस्तकाच्या आधी तिथे कळलं होतं, फक्त तेव्हा त्याचा राग यायचा. पुढे क्लोज्ड लूप, पीआयडी, सर्व्हो असं सगळं वाढत जातं, गणित येतं, पण मुळात उठून जाऊन बटण बघणं आहे.

आणि धोक्याच्या गोष्टी उलट्या जोडायच्या, हा दुसरा धडा. इमर्जन्सी स्टॉपचं ते लाल मश्रूम दाबल्यावर करंट सुरू होत नाही, बंद होतो. एरवी त्यातून करंट सतत वाहत असतो, म्हणजे कुणी बटण दाबलं, उंदराने वायर कुरतडली, टर्मिनल ढिला झाला, काहीही झालं तरी निकाल एकच, मशीन थांबणार. रेल्वेच्या साखळीचंही हेच, ब्रेक पाईपमधल्या हवेच्या दाबाने ब्रेक सुटलेले असतात, साखळी ओढली की हवा जाते आणि ब्रेक लागतात. सेन्सरचं मोजमाप पाठवणाऱ्या चार ते वीस मिलिअँपिअरच्या सिग्नलमधे शून्य दाखवायला चार मिलिअँपिअर ठेवतात तेही याचसाठी, की खरोखर शून्य आलं तर समजायचं वायर तुटली. शाळेतल्या हजेरीसारखं आहे, आवाज आला नाही की गैरहजर. आता यात भोक कुठे आहे हे ज्याने कॉलेज केलंय त्याला सांगायला नको. आम्ही चौघं एकमेकांची प्रॉक्सी मारायचो, आवाज बदलून. त्या दाराच्या फटीत बसलेली सुटी चावी प्रॉक्सीच मारत होती, दार उघडं असताना "हजर" म्हणत होती, आणि रोबोट बिचारा मस्टरवर टिक करत होता. (गंमत म्हणजे शॉप फ्लोअरवर प्रॉक्सिमिटी सेन्सरलाही, म्हणजे जवळ आलेली वस्तू ओळखणाऱ्या सेन्सरलाही, सगळे प्रॉक्सीच म्हणतात. त्याच्याकडे येतोच.)

याच्या बरोबर उलटा प्रकार एका दसऱ्याला झाला होता. खंडेनवमीला सगळ्या मशीनांची पूजा, प्रत्येकाला झेंडूची माळ, पॅनलला हळदकुंकू, पेढे, आणि सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला लाईन सुरूच होईना. लाईट कर्टन, म्हणजे मधे काही आलं की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा, ब्लॉक्ड. आत कुणी नाही, कर्टनच्या दोन खांबांमधे काही नाही, आम्ही चाळीस मिनिटं पॅनल उघडून बसलो, केबल तपासल्या, एकाने कर्टन बदलायचा म्हणून नवीन मागवायचीही तयारी केली. शेवटी झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अहो, ते फूल लोंबतंय." माळेतला एक झेंडू सुटून बरोबर किरणांच्या मधे लटकत होता. बोटं ओळखणाऱ्या कर्टनला १४ मिलिमीटरची वस्तू पुरते, झेंडू तर चांगला लिंबाएवढा. शेजारच्या फोटो सेन्सरच्या काचेवर कुणीतरी भक्तिभावाने कुंकवाचं बोटही लावलं होतं. हसून हसून पुरेवाट झाली. मशीनने झेंडूला माणूस समजून सगळी लाईन रोखून धरली होती, आणि चाकणला एक अख्खा माणूस आत गेला तर त्याला पत्ता नाही.

आता अण्णांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल.

अण्णा भोसरीत एका प्रेसशॉपला होते, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनांवर. आमच्या घरात रविवार गुरुवारी असायचा, भोसरीला सुट्टी गुरुवारची, त्यामुळे मी शाळेतून यायचो तेव्हा ते घरी असायचे एवढा आठवड्यातला एकच दिवस. बाकी दिवस ते आले की आधी मोरीत जाऊन लाकडाच्या भुशाने आणि सोड्याने हात चोळायचे, तरी ऑईलचा वास जायचा नाही, भाताच्या घासालाही येत असेल. १९८८ साली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. मी तिसरीत होतो. घरात वाक्य एकच होतं, मशीनने बोटं घेतली. मशीनने घेतली, जसं नदीने घेतलं म्हणतात तसं, त्यात कुणाची चूक नसते. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, हेलपाटे झाले, पुढे थोडी पेन्शन बसली, अण्णा त्याच शॉपमधे पॅकिंगला लागले, आणि मी शिकून याच धंद्यात आलो. लोक विचारतात मुद्दाम आलास का. नाही हो, कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशनला नंबर लागला म्हणून आलो.

नोकरीला लागून काही वर्षं झाल्यावर एका छोट्या शॉपमधे प्रेसला टू हॅण्ड कंट्रोल बसवायचं काम आलं. दोन बटणं, लांब लांब, एका हाताने दोन्ही दाबता येऊ नयेत एवढी. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक, म्हणजे प्रेस खाली येणार, आणि पुढच्या स्ट्रोकच्या आधी दोन्ही सोडायलाच लागणार, नाहीतर रिले ऐकत नाही. म्हणजे स्ट्रोक सुरू होताना तुझे दोन्ही हात कुठे आहेत हे मशीनला दर वेळी नव्याने सांगायचं. जोडून झाल्यावर मी डावं बटण सेलोटेपने चिकटवलं आणि उजवं दाबत राहिलो. प्रेस हलली नाही. दहा वेळा दाबलं. शॉपचा मालक विचारतोय काय चाललंय, मी आपला दाबतोय. घरी येऊन अण्णांना मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं, की आता असं करताच येत नाही, मशीनच करू देत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पीस कसे निघायचे?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या प्रेसलाही दोन बटणं होती. सुरुवातीला नव्हती, पायाचा पेडल होता, मग इन्स्पेक्टर येऊन गेला आणि बटणं आली. पण दोन हात बटणावर म्हणजे पत्रा कोण सरकवणार, रेट तर पीसवर. मग डाव्या बटणात पाचर मारायची, ते कायमचं दाबलेलं, उजव्या हाताने दुसरं बटण, डाव्या हाताने पत्रा. "बाभळीची होती," अण्णा म्हणाले, "मीच तासली होती. चांगली बसायची." त्यातला अभिमान मला अजून सहन होत नाही. त्या दिवशी चहा आला म्हणून कुणीतरी हाक मारली, उजवा हात तालात गेला आणि डावा मागे राहिला. एवढंच. ही गोष्ट घरात एवढी वर्षं कुणालाच माहीत नव्हती की सगळ्यांना माहीत होती आणि मलाच नव्हती, हे मी आईला विचारलेलं नाही.

कारखाना कायदा १९४८ चा, त्यात मशीनच्या हलत्या भागांना कुंपण घाला असं कलम २१ मधे स्वच्छ लिहिलं होतं. कारखान्यातला पहिला रोबोट, युनिमेट, १९६१ साली न्यू जर्सीत लागला तोही डाय कास्टिंगवर, तापलेले जॉब उचलायला, जिथे माणसाचे हात भाजायचे तिथे. म्हणजे कायद्यापासून रोबोटपर्यंत सगळा आटापिटा हात वाचवायचा, आणि तरी हात कुठून तरी आत जातोच. जपानात अकाशीला १९८१ साली एक कामगार रोबोट दुरुस्त करायला गेला आणि गेला, त्याच्या कुंपणालाही दार होतं, दार उघडलं असतं तर रोबोटची पॉवर गेली असती, पण तो कुंपणावरून उडी मारून आत गेला. हे मी ट्रेनिंगमधे दर वेळी सांगतो, पोरं "च्च" करतात. आता मला वाटतं, मी ते चुकीचं सांगत होतो. तो दाराने का गेला नाही हे मी कधी विचारलंच नव्हतं. दाराने गेलं की परत लाईन चालू करायला किती वेळ जायचा?

ज्यांनी या गोष्टी डिझाईन केल्या त्यांना माणूस बरा कळला होता असं मात्र वाटतं. रोबोट शिकवायच्या पेंडंटच्या, म्हणजे हातात धरायच्या कंट्रोलच्या, पाठीमागे एक स्विच असतो, तो अर्धवट दाबून धरला तरच रोबोट हलतो. सोडला तर थांबतो हे कुणालाही सुचेल, पण घट्ट आवळला तरीही थांबतो. कारण घाबरलेला माणूस एकतर हातातलं सोडतो नाहीतर मूठ आवळतो, आणि कोण काय करेल ते आधी सांगता येत नाही. लाईट कर्टन डायपासून, म्हणजे प्रेसच्या साच्यापासून, किती लांब बसवायचा याचं गणित असतं, त्यात हात सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे येतोय असं धरतात. पहिल्यांदा ते गणित करताना मला चहाच्या हाकेला वळलेले अण्णा दिसले होते आणि आकडा दोनदा चुकला. इंटरलॉकचं एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ १४११९, त्यात तर माणसाला बायपास करावंसं का वाटेल याचा विचार करायला सांगितलंय, आधी ते कारण कमी करा म्हणतात, मग स्विच फसवायला अवघड करा. मी हे वाचलं होतं, ऑडिटला वापरलंही होतं. चाकणच्या त्या पोराशी बोलेपर्यंत त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

कारण मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. बिलात न धरता. पोराला म्हटलं, आत का जातोस ते दाखव. तो म्हणाला, "सर, जॉब ठेवलेला असतो पण मशीन म्हणतंय जॉब नाही. दाबला की दिसतो त्याला." शिफ्टमधे वीस-पंचवीस वेळा. रीतसर दार उघडून करायचं तर दार लावा, रिसेट मारा, सर्व्हो ऑन, रोबोट होमला न्या, सायकल स्टार्ट, साडेतीन मिनिटं. म्हणजे दीड तासाच्या आसपास लाईन उभी. त्यापेक्षा चावी. मी फिक्स्चरखाली टॉर्च मारली. जॉब आहे की नाही ते बघायला तिथे इंडक्टिव्ह प्रॉक्सी, चार मिलिमीटर रेंजचा. ती रेंज असते लोखंडासाठी. आधीचं ब्रॅकेट लोखंडी होतं, नव्या मॉडेलला वजन कमी करायचं म्हणून ॲल्युमिनियमचं आलं, आणि ॲल्युमिनियम अशा सेन्सरला निम्म्याहूनही जवळ आल्याशिवाय दिसत नाही. इथे फट दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सीमेवरच, जॉब जरा तिरका बसला की गायब. ड्रॉइंग बदललं, प्रोग्रॅम बदलला, ग्रिपरच्या बोटांना नवीन पॅड लागले, एवढा सेन्सर राहिला. सहा महिने तो सेन्सर "नाही" म्हणत होता आणि एक पोरगा आत जाऊन जाऊन त्याची समजूत काढत होता. ब्रेकडाऊनच्या रजिस्टरला एकही नोंद नाही, कारण चावीमुळे लाईन कधी थांबलीच नाही.

सेन्सर बदलला, सगळ्या धातूंना सारखीच रेंज देणारा मिळतो तो. अर्धा तास लागला. मी ज्या सायकल टाईमसाठी गेलो होतो तो प्रश्नही त्यातच बराचसा सुटला, त्यामुळे कंपनी खूश. जाताना सुपरवायझरने हसत सांगितलं, आता टार्गेट चाळीसने वाढवता येईल. पोरगा बाजूलाच उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता.

चावी मी घरी टेबलावर ठेवली होती, पेनांच्या शेजारी. गुरुवारी अण्णा माझ्याकडे जेवायला आले, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी गुरुवारच धरतात. त्यांनी ती उचलली, डाव्या हाताने, अंगठा आणि अनामिकेच्या चिमटीत, उलटसुलट करून बघितली. मी काहीच सांगितलं नव्हतं.

"पाचर आहे ना ही?"

मी हो म्हटलं. "स्टीलची काढली होय आता," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पोराला लागलं नाही ना?" नाही म्हटलं. "रेट वाढवून दिला का त्याला?" मी पानात वाढायला उठलो.

काल त्या कंपनीच्या स्टोअरमधून फोन आला. ती चावी म्हणे त्यांच्या रेकॉर्डला आहे, इंटरलॉक की, नग एक, रीतसर स्लिप भरून इश्यू झालेली, पोराच्या नावावर. परत जमा झाली नाही तर त्याच्या पगारातून कापायला लागेल. मी म्हटलं कुरिअर करतो आज. नाडी तेवढी मी त्याच दिवशी परत दिली होती, पोरगा तिथेच जाळीला टेकून खाली बसला आणि सेफ्टी शूजमधे ओवायला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढे दिवस त्याच्या एका बुटाला नाडी नव्हतीच.